टोपी न काढणारे वेडे

साहेब, तुम्ही शहाण्यांना कोंडलंत आणि घर वेड्यांच्या ताब्यात दिलंत. वर शिक्काही मारलात.

मी अबायजा क्विम्बी, लोहार. वीस वर्षं तुमच्या जिल्ह्यासाठी वेड्यांच्या बेड्या घडवल्या. मग बेथिया हॅलॉक आली. म्हणाली, "घडवल्यास ना? आता तोड." तोडल्या, आणि तिच्यासारखा क्वेकर पंथाचा झालो. तिच्या घरात बारा वेडे शेत करतात, गाई दोहतात, टेबलाशी बसून जेवतात. असलं घर आपल्या मुलखात पहिलंच. ते ठेवायचं की मोडायचं, हे बघायला तुम्ही आलात. तेही रविवारी!

रविवारी आम्ही क्वेकर प्रार्थनेला गप्प बसतो. पाद्री नाही, गाणं नाही. आतून शब्द आला तर उठून बोलायचं. टोपी आम्ही देशाच्या अध्यक्षासमोरही काढत नाही, आणि त्यालाही 'तू'च म्हणतो.

दारात तुम्हाला ईनक ट्रिप भेटला. हा त्या बारा वेड्यांतला, नऊ वर्षं साखळीत होता. टोपी काढून कमरेत वाकला.

"या साहेब. हळू बोला हं, आत बसलेत सगळे."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"बोलत नाहीत?"

"एखादा थरथरत उठतो, चार शब्द बोलतो, परत बसतो."

"अरेरे! आणि ती खिडकीजवळची?"

"बेथिया. तिच्यामुळेच तर बाकीचे असे झाले."

तुम्ही आत येऊन ओरडलात, "टोप्या काढा!" कोणी हललं नाही. बेथिया म्हणाली, "मित्रा, तूही बस." सरकारी माणसाला 'तू'! तुमचे कान लाल झाले. मी उठलो. "अरे बाबा, वेडे बाहेर आहेत! आम्ही शहाणे!"

तुम्ही कारकुनाला म्हणालात, "हा जुना रोगी दिसतोय. आधी याला घे."

आता आम्ही चौदा क्वेकर जिल्ह्याच्या गरीबखान्याच्या तळघरात, जिथे पूर्वी वेडे बांधायचे. बेथियाच्या पायात मी घडवलेली बेडी. हातोड्याविना तुटता तुटत नाही, मेली.

घर ईनक चालवतो, आणि बरं चालवतो. पण त्या बारांतली रूथ मेरिट नावाची मुलगी बेथिया शेजारी असल्याशिवाय घास गिळत नाही. आज पाचवा दिवस. ईनक तीनदा तुमच्या कचेरीत आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, वेडा मी आहे हो!"

तुम्ही पोट धरून हसलात. "ट्रिपसाहेब, विनोद छान करता!" वर त्याला चहा पाजलात.

चहा राहू द्या. बेथियाला कधी सोडता? रूथ मेल्यावर? दिवस सांगा.