कंपनीला मुलगी नसते

मालकांचं एक मत पक्कं होतं: इमारत कंपनीच्या नावावर, आणि कंपनी म्हणजे आपणच. भागधारक दोनच, ते आणि त्यांची बायको, आणि बायकोचा सहभाग सह्यांपुरता. त्यामुळे भाडेकरूला काढायच्या दाव्यात पहिल्या तारखेला ते एकटेच ऐटीत कोर्टात उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की कंपनीला स्वतःचं तोंड नसतं, ते वकिलाचं आणावं लागतं. मालक हात हलवत परतले आणि दुसऱ्या दिवशी फाइल काखोटीला मारून वकीलबाईंच्या ऑफिसात हजर झाले.

बाईंनी पेन्सिल घेऊन भाडेकरूला दिलेली नोटीस वाचायला सुरुवात केली. ती मालकांनी स्वतःच लिहिली होती, आणि तीही अगदी मन लावून. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत टेलरकाका बावीस वर्षं राहत होते. त्या खोल्या आता मालकांना मुलीसाठी हव्या होत्या. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती, कायमचीच, आणि खाली मालकांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

पेन्सिल एका ओळीवर थांबली.

“मालक, कागदोपत्री घर कुणाचं?”

“कंपनीचं. म्हणजे माझंच की.”

“मग कंपनीला मुलगी आहे?”

मालकांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी शांतपणे समजावलं. स्वतःच्या लेकराला राहायला जागा हवी म्हणून जुन्या भाडेकरूला काढता येतं, पण ही सवलत हाडामासाच्या मालकाला. कंपनीला ना मूल ना बाळ. घर आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, मग नवी नोटीस द्या. वर्षभर तरी जाईल.

वर्ष म्हटल्यावर मालकांचा चेहराच पडला. मग त्यांना युक्ती सुचली. टेलरकाका कोर्टाच्या नुसत्या नावानं अर्धमेले झाले होते. त्यांच्याशी तडजोड करायची: दोन महिन्यांत खोल्या सोडतो, खाली सही. तडजोड करायला कायद्याची ना नव्हती. बाईंनी कागद तयार केला. ते त्यांचं कामच होतं.

तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर टेलरकाका एका टोकाला बसले होते. बाहीला खडूची पूड, मांडीवर कापडी पिशवी, वकील नाही. मालक शेजारी टेकले आणि कधी नव्हे ते गोड बोलू लागले. या वयात कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, एक सही करा आणि मोकळे व्हा. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग पेनाचं टोपण काढलं आणि मालकांना ओलांडून बाईंकडे पाहिलं.

“बाई, सही नाही केली तर आजच बाहेर काढतील का हो मला?”

मालक बाईंकडे बघू लागले. दोन शब्द पुरेसे होते, किंवा नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

“काका, मी यांची वकील आहे, तुमची नाही. तुम्हाला सल्ला मला देता येत नाही,” बाई म्हणाल्या. “पण खोटंही सांगणार नाही. आज कुणी तुम्हाला काढणार नाही. सहीआधी हा कागद तुमच्या बाजूच्या कुणालातरी दाखवा.”

काकांनी टोपण लावलं. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

आत चार मिनिटंच लागली. न्यायाधीशांनी नोटीस वाचली आणि मुलीबद्दलचा तोच प्रश्न विचारला, फक्त जरा जास्त कोरड्या आवाजात. बाई म्हणाल्या, नाही, कंपनीला नाही. दावा फेटाळला गेला.

पायऱ्यांवर मालक फणफणले, आपलेच दात आपल्याच ओठांना लागले म्हणून. फसवून घेतलेली सही पुढच्याच तारखेला उलटली असती, असं बाईंनी सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. घर नावावर करायचे कागद सोमवारी आणतो, एवढं मात्र ते बोलले. टेलरकाका एव्हाना फाटकापर्यंत पोचले होते. संध्याकाळी तीन गिऱ्हाइकांना पँटी द्यायच्या होत्या.

मालकांनाही त्याच इमारतीत जायचं होतं. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि काकांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालू लागले. मधेच काका चपलेचा पट्टा नीट करायला थांबले, तेव्हा तेही थांबले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या दाव्याची फाइल काढली.