गेंटच्या बाजूचं मत

धोंडीराम मांडवकर सौदी अरेबियातल्या जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. गाव संगमेश्वराजवळचं, शिक्षण रत्नागिरीच्या आयटीआयमधलं, वय अडतीस. कारखान्यातली प्रेशर गेजेस बरोबर आकडा दाखवतात की चुकीचा, हे तपासत फिरायचं, हे त्याचं काम. युरोप त्याने कधी पाहिला नव्हता. तरी १९८१च्या नोव्हेंबरात युरोपातल्या दोन शहरांपैकी एक निवडायची पाळी त्याच्यावर आली.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या साइटवर एक इंग्रज फोरमन होता. वेल्डिंगच्या दोन काड्या वाकवून हातात धरायचा आणि वाळूखालून पाण्याची लाइन कुठून गेलीय ते सांगायचा. सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास. त्याच्या सांगण्यावरून दोनदा भलतीकडेच खणलं गेलं, तरी विश्वास गेला नाही. धोंडीरामने त्याला विचारलं, आपण तपासून बघू या का? फोरमन हसून तयार झाला. वाळूखाली एक पाइप पुरला. भिंतीआड एक जण नाणं उडवून नळ उघडायचा किंवा बंद ठेवायचा, आणि फोरमनने काड्या धरून पाणी वाहतंय की नाही ते सांगायचं. पन्नास वेळा केलं. चोवीस वेळा बरोबर आलं. फोरमन म्हणाला, "आज हवेत दमटपणा जास्त आहे."

धोंडीरामने हे सगळं दोन पानांत लिहिलं आणि बेल्जियममधल्या एका संस्थेला पाठवलं. चमत्कारांचे, भविष्याचे, गूढ शक्तींचे दावे तपासून पाहणाऱ्या लोकांची ती संस्था. पत्ता त्याला एका डच इंजिनियरने टाकून दिलेल्या मासिकात सापडला होता. संस्थेने ती दोन पानं छापली, त्याला सभासद करून घेतलं, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मेळावा भरवायचं ठरलं तेव्हा जागा ठरवणाऱ्या तिघांच्या समितीवर नेमलं. आशियातलं कोणी तरी हवं होतं.

बाकीचे दोघे म्हणजे गेंटच्या निवृत्त शिक्षिका डेक्लेरबाई आणि व्हिएन्नाचे दातांचे डॉक्टर लिंडनर. बाईंना मेळावा गेंटला हवा होता, डॉक्टरांना व्हिएन्नाला. एकेक मत पडलं आणि गाडी अडली. डेक्लेरबाईंनी लिहिलं, "आता तुम्ही ठरवाल ते. जानेवारीपर्यंत कळवा."

पत्र साध्या पाकिटात आलं होतं. संस्थेचं नाव बाहेर घालू नका, असं त्यानेच बाईंना सुरुवातीला कळवलं होतं. या देशात असले कागद कुणाच्या हातात पडले तर काय होईल याचा नेम नव्हता.

व्हिएन्नाची राजवाड्यांची चित्रं त्याने कॅलेंडरवर पाहिली होती. गेंटचं नावच नवीन होतं. पण चित्रं बघून ठरवायचं नाही एवढं त्याने पक्कं केलं. मुंबई, कोलंबो, मनिला, कैरो, लागोस इथली माणसं कुठे सहज पोचतील, ते बघायचं. त्यासाठी माहीतगार माणूस हवा होता. तेवढ्यात कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी जेद्द्याला पाठवलं, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवरची गेजेस तपासायला. आणि जेद्द्यात जलालभाई होते.

जलाल परकार दाभोळचे. शहराच्या बलद भागातल्या जुन्या बाजारात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांचं काम आठ वर्षं करत होते. पाच वेळचे नमाजी, बोलायला मोकळे. कोकणातला कुणीही माणूस, हिंदू असो की मुसलमान, जेद्द्यात उतरला की आधी त्यांचा पत्ता शोधायचा. त्यांची बायको बिलकिस त्यांच्याबरोबरच राहत होती. धोंडीराम दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर जाताना विमान चुकल्यामुळे जेद्द्यात अडकला, तेव्हा याच घरी चार दिवस राहिला होता.

"मेळावा कसला?" जलालभाईंनी विचारलं.

"शास्त्रज्ञांचा," धोंडीराम म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

जलालभाईंना अशी कामं आवडत. जाडजूड टाइमटेबल उघडून ते बसले. व्हिएन्नाला थेट विमान कुठून आहे, गेंटसाठी ब्रसेल्सला उतरून आगगाडी किती वेळाची आहे, हे त्यांनी एजन्सीच्या छापील पॅडवर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. दोन एअरलाइन्सना एजन्सीच्या नावाने टेलेक्सही केले. धोंडीराम रोज संध्याकाळी कामावरून सुटला की दुकानात येऊन बसायचा. तारखा तपासायला म्हणून डेक्लेरबाईंचं पत्र त्याने त्या कागदांतच ठेवलं होतं, आणि चौथ्या दिवशी ते कागदांबरोबर जलालभाईंच्या घरी गेलं.

त्या संध्याकाळी त्याला तिथेच जेवायला बोलावलं होतं. बिलकिसभाभींनी सुरमई तळली होती. त्या दाभोळच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी बऱ्यापैकी वाचायच्या. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "धोंडीरामभाऊ, ते स्केप्टिक म्हणजे काय ओ? तुमच्या पत्रात चार ठिकाणी आहे."

धोंडीरामचा हात ताटातच थांबला. "म्हणजे... पुरावा मागणारा माणूस. कुणी म्हटलं मी हातातून अंगारा काढतो, तर आधी बाह्या वर करा म्हणणारा."

"आणि देवाचं काय?" जलालभाईंनी विचारलं.

"काही जण मानतात, काही नाही."

"तुम्ही?"

"मी नाही मानत."

जलालभाई म्हणाले, "ते तुमचं तुमच्यापाशी. पण माझ्या एजन्सीच्या पॅडवर माझ्या अक्षरात लिहिलंय मी. माझ्या मालकाच्या, कफीलच्या मशीनवरून टेलेक्स गेलेत. उद्या कुणी विचारलं हे कुणाचं काम, तर माझा इकामा जाईल, इथे राहायचा परवानाच. तुमचं नाव कुठेच नाही. शास्त्रज्ञ म्हणालात तुम्ही मला."

"चुकलं माझं."

"जेवा आता. पण ते कागद आज घेऊन जा."

जेवण कसंबसं उरकलं. कागद घेऊन धोंडीराम कंपनीच्या गेस्ट हाउसवर परत आला. आधी त्याला जलालभाईंचाच राग आला. एवढं काय बिघडलं, कुणाला कळणार होतं? पण दुसऱ्या दिवशी कामावर तोच तोच विचार येत राहिला. आपण भ्यायलो म्हणून अर्धवट सांगितलं. भ्यायलो ते स्वतःसाठी, आणि धोका मात्र टाकला दुसऱ्यावर. आपल्याला जे ठाऊक होतं ते जलालभाईंना ठाऊक असतं तर त्यांनी पॅडचा कागद वापरला असता का, हे आपण त्यांना ठरवूच दिलं नाही. पॅडवरची सगळी माहिती त्याने साध्या कागदावर उतरवून घेतली आणि मूळ कागद चुलीच्या बर्नरवर धरून जाळले.

तीन दिवसांनी शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर तो त्यांच्या घरी गेला. दारातच म्हणाला, "पॅडचे सगळे कागद जाळले, जलालभाई. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून नाही सांगितलं."

"नाही म्हटलं असतं हे तुम्हीच ठरवलंत," जलालभाई म्हणाले. "टेलेक्समध्ये काही नव्हतं तसं. नुसती भाडी विचारली होती. मी पुन्हा वाचून बघितले." मग, "आत या. बिलकिसला तुमच्याशी बोलायचंय."

बिलकिसभाभी पदराला हात पुसत आल्या. "तुमचे ते लोक पासपोर्टवाल्या काकांचं तपासतील काय?"

पासपोर्टवाले काका धोंडीरामला ऐकून माहीत होते. दाभोळच्या खाडीपलीकडच्या एका गावात हा गृहस्थ बसायचा. पासपोर्टवर तळहात ठेवून, डोळे मिटून, व्हिसा येणार की नाही ते सांगायचा. गल्फला जायला निघालेली किनाऱ्यावरची निम्मी पोरं त्याच्याकडे जाऊन आली होती. सगळ्या जातीची, सगळ्या धर्माची.

"मी पण गेलो होतो," जलालभाई म्हणाले. "सगळे गेले म्हणून. काका म्हणाले, तुझा येणार. दीड महिन्यात आला."

"एकटेच गेला होता?"

"नाय. एका होडीतून सात जण गेलो होतो."

"बाकीच्या सहांना काय सांगितलं?"

जलालभाई बोलायला लागले आणि मध्येच थांबले. बोटांवर मोजलं. "येणार म्हणाले. सगळ्यांनाच येणार म्हणाले."

"आले किती?"

"माझा आला. मग जाफरचा आला, तो कतीफला आहे आता, मासळी बाजारात. बस." त्यांनी पुन्हा एकेक नाव घेतलं, जणू एखादा सुटला असेल. "पाच जण राहिले. एकाला काका म्हणाले, तुझ्या मनात शंका होती म्हणून अडला. बाकीच्यांना म्हणाले, वेळ यायचीय."

"त्या पाचांत माझा भाऊ आहे, इब्राहीम," बिलकिसभाभी म्हणाल्या. "मेकॅनिक आहे चांगला. दापोलीला एसटी डेपोत जागा निघाली होती, अर्जच केला नाही. व्हिसा येणार म्हणून वाट बघत बसलाय. आता सत्ताविसाचा होईल. आम्ही किती लिहिलं, तरी म्हणतो, जलालभाईंचा आला ना मग. यांचंच उदाहरण देतो आम्हाला."

आपण कुणाच्या तरी भरवशाचा पुरावा होऊन बसलोय, हे जलालभाईंना तोवर सुचलंच नव्हतं.

ते म्हणाले, "मला देवाबद्दल काही सांगू नका, मांडवकर. मी ऐकणार नाही. पण या काकाबद्दल लिहा तुम्ही. सात नावं मी देतो. अजून विचारतो लोकांना. इथे येणारा प्रत्येक जण माझ्याच टेबलासमोर बसतो."

मग त्यांनीच विचारलं, "शहराचं काय ठरलं?"

धोंडीरामने साधा कागद पुढे केला. भाड्यात फारसा फरक नव्हता. व्हिएन्नाला पोचायला सोपं, गेंटला राहायला स्वस्त, कारण जुलैत विद्यार्थ्यांची वसतिगृहं रिकामी असतात. दोन्ही यजमानांनी व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राबद्दल काय लिहिलं होतं तेही खाली होतं. ते वाचून जलालभाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"हे डॉक्टर म्हणतात, सगळ्यांना मिळून एकच पत्र देऊ. आणि बाई म्हणतात, प्रत्येकाला वेगळं?"

"हो. बाईंना टायपिंगची सवय आहे."

"मग विषयच मिटला. एकच पत्र चालत नाही. वकिलातीत खिडकीपलीकडचा माणूस तुमचं नाव शोधतो. यादीतलं सतरावं नाव त्याला दिसत नाही. माणसाचं नाव, पासपोर्ट नंबर, किती दिवस, राहणार कुठे, खर्च कोण करणार, हे एका पानावर पाहिजे. आठ वर्षं मी हेच बघतोय. भाडं जास्त पडलं तर माणूस कुठून तरी उभं करतो. कागद नसला तर तो विमानतळापर्यंतसुद्धा पोचत नाही." मग जरा विचार करून ते म्हणाले, "आणि तुमचा तो स्केप्टिक शब्द त्या पत्रात नको. संशोधन लिहा, व्याख्यान लिहा. खोटं लिहू नका, पण तो शब्द नको. सगळ्यांचे देश बेल्जियमसारखे नसतात."

धोंडीरामने तसंच लिहिलं. माझं मत गेंटला, पण दोन अटींवर: या या पाच गोष्टी असलेलं स्वतंत्र पत्र प्रत्येकाला द्यायचं, आणि संस्थेचं नाव फक्त आद्याक्षरांत घालायचं. हे एका अनुभवी ट्रॅव्हल एजंटने सांगितलंय, असंही लिहिलं. नाव दिलं नाही. पाठवण्याआधी पत्र जलालभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी "अनुभवी" शब्दावर मान हलवली.

डेक्लेरबाईंनी अटी लगेच मान्य केल्या. डॉक्टर लिंडनरांचं एक कार्ड आलं: मला वाईट वाटलं, पण पत्रांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मेळावा १९८२च्या जुलैत झाला. धोंडीराम गेला नाही. प्लांटचं शटडाउन नेमकं त्याच महिन्यात आलं आणि कुणालाच रजा नव्हती. अर्ज घेऊन तो दोनदा ऑफिसात गेला, दुसऱ्या वेळी मॅनेजरने मान वर करून पाहिलंही नाही. तिथे त्याचा निबंध डेक्लेरबाईंनी वाचला. जलालभाईंनी तोवर एकशे बारा माणसांना विचारलं होतं. त्यांतल्या एकशे नऊ जणांना काकांनी "येणार" म्हणून सांगितलं होतं. ही एकशे बारा माणसं इथे पोचलेलीच होती, म्हणून न पोचलेल्यांचीही गणती करावी लागेल, असं धोंडीरामने निबंधात स्पष्ट लिहिलं होतं. त्यासाठी बिलकिसभाभींनी माहेरी पत्रं धाडली आणि तिथल्या शेजारच्या शरफुन्निसाने तीन गावांत फिरून व्हिसा न आलेल्यांची आणखी ऐंशी नावं गोळा केली. त्यांतल्या सदुसष्ट जणांनाही काकांनी "येणार" असंच सांगितलं होतं.

इब्राहीमला बिलकिसभाभींनी सगळं लिहून कळवलं तेव्हा तो रागावला. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. नंतर आईकडून कळलं, तो खेडला एका गॅरेजमध्ये लागलाय. काकांकडे जाणं सोडलं की नाही, ते कुणी विचारलं नाही.

ऑगस्टात बाईंचं जाड पाकीट जुबैलला आलं. युरोपबाहेरच्या तेवीस जणांना पत्रं पाठवली होती, त्यांतल्या एकोणिसांना व्हिसा मिळाला आणि ते आले. एवढे येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, असं बाईंनी शेवटी हाताने लिहिलं होतं.

धोंडीरामने कॅम्पच्या ऑफिसातून जेद्द्याला फोन लावून हे जलालभाईंना सांगितलं. ते खूश होतील असं त्याला वाटलं होतं.

"चार जणांचं काय झालं?" पलीकडून आवाज आला. "कुठले होते ते? बाईंना त्यांचे अर्ज मागवायला सांगा. कुठला रकाना राहिला, ते बघायला पाहिजे."