उगाच जळणारा दिवा

माझे बाबा फोनवर बोलत नाहीत. शिकायला बाहेर राहायचे तेव्हापासून मी फोन केला की पलीकडून एवढंच यायचं, "थांब, आईला देतो." त्यामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्याकडे बापाच्या आवाजातलं एक धड वाक्य नव्हतं. आणि मी पोट भरते ती दुसऱ्यांचे आवाज साफ करून. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. त्यातला खोकला, ओठांची चपचप, रस्त्यावरचा हॉर्न मी घरी बसून काढून टाकते. बाबांचा खोकला मात्र त्यांनी वर्षभर अंगावर काढला आणि आम्ही काढू दिला.

हल्ली एक सोय निघाली आहे. माणसाच्या स्वच्छ आवाजातली पुरेशी वाक्यं संगणकाला दिली, की पुढे टाइप केलेलं काहीही तो त्या माणसाच्या आवाजात बोलतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी हे करायला बसले. आधी का नाही बसले? आधी तपासण्या होत्या, रडारड होती, आणि मला वाटत होतं की हे तासाभराचं काम आहे. माझं रोजचंच तर काम.

कपड्यांच्या खोलीत, चहूबाजूंनी रजया टांगून, मी बाबांसाठी खुर्ची मांडली. समोर माझा चांगला माइक. त्याच्याशेजारी फळीवर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधली ती डबी. संगणकाचा पंखा घरघरतो म्हणून तो दाराबाहेर, लांब वायरीच्या टोकाला. हा माइक डबीकडून वीज मिळाल्याशिवाय हूं की चूं करत नाही; त्यासाठी डबीच्या तोंडावर एक बटण असतं. ते मी स्वतः दाबलं, "एक दोन तीन" म्हणून पाहिलं, बाहेर पडद्यावर आवाजाची रेघ छान उड्या मारत होती. मग बाबांना हाक मारली.

बाबा आले ते पॅसेजमधला दिवा घालवतच. त्यांची सगळी नोकरी कागदाच्या गोदामात गेली. तिथे जळता दिवा मागे ठेवून जाणं म्हणजे उद्याच्या आगीला निमंत्रण. गोदाम सुटलं, हात सुटला नाही. आईने कित्येकदा अर्धी अंघोळ अंधारात केली आहे.

"हं, ठमाबाई," ते खुर्चीत बसत म्हणाले. आवाज जाड झाला होता, पण होता. "काय वाचायचंय?"

"समोर कागद आहे. मी दार लावून टकटक केली की सुरू करा. आणि बाबा, जपून. घसा बसायच्या आत उरकायचंय."

मी दार लावलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, टकटक केली. आतून बाबांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. पडद्यावरची रेघ मात्र सरळ. जरासुद्धा हलेना.

मी दार उघडलं. "थांबा, थांबा. पहिल्यापासून."

आधी वाटलं, संगणकाने डबी सोडून भलताच माइक धरला असेल. तसं नव्हतं. डबी दिसत होती, निवडलेली होती. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. बाबांनी पुन्हा वाचलं. रेघ सरळ. संगणक बंद करून चालू केला. वायर एका खाचेतून काढून दुसरीत घातली. माइकची वायर बदलली, जुनी शोधायला अख्खा खण जमिनीवर ओतला. प्रत्येक वेळी मी फळीमागे हात घालून वायरी चाचपायची, कारण डबीचं तोंड बाबांकडे होतं आणि वायरी माझ्याकडे. प्रत्येक वेळी बाबा मुकाट्याने पहिलं वाक्य वाचायचे, "आज हवा बरी आहे." आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खरखरीत निघायचं.

आई कोमट पाणी घेऊन आली. "अगं, फोनवर घे ना सरळ. काय ते चार शब्द."

"आई, तू मध्ये बोलू नकोस. फोनवर पंखा येतो, रस्ता येतो. कचरा देऊ का मी? मला कळतं माझं काम."

तिने पेला बाबांच्या हातात दिला. मी काय बोलले ते मला तेव्हाही ऐकू आलं होतं. पण जगभरचे आवाज लखलखीत करणाऱ्या बाईने बापाचा आवाज फोनवर घ्यायचा, हे माझ्या नाकाला झोंबलं. नाकच ते. कापून ठेवायला हवं होतं.

मग ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला डबी चालवणारा प्रोग्राम, काढून नवा घातला. तो उतरत असताना आत बाबा खोकत होते आणि मी पडद्यावरच्या टक्केवारीला शिव्या घालत होते. नवा ड्रायव्हर बसला, मी रेकॉर्डिंग सुरू केलं, टकटक केली. आतून "आज हवा..." एवढंच आलं, मग नुसता वारा. रेघ सरळ.

रेकॉर्डिंग तसंच चालू सोडून मी आत शिरले. डबीच आपटायची, या विचाराने ती फळीवरून उचलली आणि पहिल्यांदा तिचं तोंड माझ्याकडे वळलं. बटणातला बारीक लाल दिवा बंद होता. विजेचं बटण कोणीतरी दाबून वर आणलं होतं. मी ते दाबलं, दिवा लागला.

"याला कोणी हात लावला?" मी किंचाळले. "बाबा! याला कोणी हात लावला?"

बाबा दचकले. मग चिडले. असेल नसेल तेवढा आवाज गोळा करून, अगदी पूर्वीसारखे, माइकच्या तोंडावर म्हणाले, "ओरडतेस काय? मी घालवला. उगाच कशाला जळत ठेवायचा दिवा?"

त्यानंतर त्यांच्या लक्षात आलं. माझ्या तोंडाकडे पाहून आलं असावं. त्यांनी कागद उचलला, पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं, तोंड उघडलं. काही आलं नाही. पाणी प्यायले, पुन्हा उघडलं. दारात उभ्या आईने पदर तोंडात धरला. बाबा कागदाची घडी घालत राहिले, लहान, आणखी लहान.

मी त्यांच्या पायाशी बसले. "तुमची चूक नाही बाबा, माझी आहे," म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि उठून गेले. जाताना हात सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सकाळपर्यंत आवाज परतला नाही. आम्ही तसेच हॉस्पिटलात गेलो.

बाबा वाचले. घरी आले. गळ्याशी छिद्र, हातात फोन; जे म्हणायचं ते टाइप करतात आणि एक परकी, गुळगुळीत बाई ते वाचून दाखवते. आईला "अगं" म्हणते ती. आई दर वेळी मान फिरवते.

ते रेकॉर्डिंग बरेच दिवस मी उघडलं नव्हतं. एकदा जागा मोकळी करायला म्हणून उघडलं. लांबच लांब सरळ रेघ, आणि शेवटी एक झुबका. माझी किंचाळी. आणि तिच्यामागे बाबा. पंखा नाही, रस्ता नाही. एवढा स्वच्छ आवाज मी कामात क्वचितच ऐकला असेल. मी माझी किंचाळी कापली, उरलेलं बाबांच्या फोनवर एका बटणात घातलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी एकदा ऐकलं, फोन खिशात टाकला आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, दुखावले.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरातून बाहेर पडत होते. मागून आवाज आला, "ओरडतेस काय? मी घालवला. उगाच कशाला जळत ठेवायचा दिवा?"

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाबा दारात उभे होते, फोन हातात, भुवया चढवलेल्या. मी निमूट परत गेले आणि दिवा घालवला.

आता आई माझ्यावर करवादते, की इतकी वर्षं नव्हती ती वेंधळी सवय हिला कुठून लागली. मी खोलीतून निघते, दिवा तसाच ठेवते, आणि पॅसेजमध्ये जरा थांबते.