डिंक सुटलेलं पाकीट

धाकटी जाऊ घरात आल्यापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं. धाकटीनं नुसती चादर घडी केली तरी सासूबाई दोनदा कौतुक करत. थोरली दहा वर्षं घर आणि नोकरी ओढत होती, पण तिचं सगळं गृहीत धरलेलं.

नोकरी होती पोलिसांच्या बोटांच्या ठशांच्या दप्तरात. अठराच्या आतल्या मुलांची कार्डं तिथे वेगळ्या कपाटात, चिकटवलेल्या पाकिटांत असत. बाहेर फक्त नंबर, नाव आत. प्रकरण मिटून ठरलेली मुदत संपली की पाकीट न उघडता दोघांनी मिळून ते तुकडे करायच्या यंत्रात घालायचं आणि वहीत सह्या करायच्या, म्हणजे लहानपणीची चूक जन्मभर कुणाच्या मानगुटीवर बसायला नको. थोरलीनं आजवर एकही पाकीट उघडलं नव्हतं, आणि त्याचा तिला तोराही होता.

त्या शनिवारी एका पाकिटाचा डिंक सुटला होता. कार्ड अर्धं बाहेर घसरलं. आत ढकलायचं सोडून तिनं ते वाचलं. धाकटीचं माहेरचं नाव, वय चौदा, दुकानातून घड्याळ उचललेलं. खाली दहा बोटांचे इवलेसे ठसे. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला. तिनं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि रिकामं पाकीट यंत्रात. हेडक्लार्कनं नेहमीसारखी न बघताच सही ठोकली.

घरी सासूबाई एकट्याच मटार सोलत बसल्या होत्या. थोरलीनं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. तुमच्या लाडकीचे गुण बघा, असं काहीसं ती बोलली. शब्द तिनं बसमध्येच घोळवून ठेवले होते.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि कार्ड सावकाश वाचलं. "लग्न ठरायच्या आधीच तिनं मला हे सांगितलंय," त्या म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे या दोघींचं आपसात गुपितही होतं, आणि तिला त्याची गंधवार्ता नव्हती. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुलाही सांगणार होती. मीच नको म्हटलं. वर तिला विचारलंही, हे कार्ड कुणाच्या हाती लागलं तर? तर म्हणाली, ताईंच्या ताब्यात आहे ना, मग मला घोर नाही."

लग्नापासूनची चार वर्षं ती पोर थोरलीच्या भरवशावर निर्धास्त झोपली होती, आणि ही तिच्यावर जळत बसली होती.

जिन्यात धाकटीच्या चपला वाजल्या. थोरलीनं हात पुढे केला, पण तिला कार्ड उचलवेना. सासूबाईंनी सालांचं ताट त्यावर सरकवलं.

"तिचं मी कुणाला सांगितलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुझंही नाही सांगणार."