आधी वाय मोजा

मी एक जुना, तापट संगणक आहे. तापट म्हणजे अक्षरशः तापणारा! प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या लोखंडी मांडणीत सगळ्यात खालच्या फळीवर माझी जागा आहे.

मित्रांनो, माझे काम वाचनाचे. माणसाच्या रक्तातला डीएनए बारीक तुकड्यांत वाचला जातो. ते कोट्यवधी तुकडे मी जागच्या जागी लावायचो. कुठले अक्षर बदलले, कुठल्या जनुकाला रासायनिक खुणेने गप्प बसवले आहे, ते शोधायचो. नवा होतो तेव्हा पाहुणे आले की आधी मलाच दाखवत. मग वरच्या फळीवर नवे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर फायली साठल्या.

माझ्याकडे एकच काम उरले, तेही आकडेताईंमुळे. त्या इथल्या संख्याशास्त्रज्ञ, ताकही फुंकून पिणाऱ्या. ‘आधी वाय मोजा’ हा त्यांचा नियम. वाय गुणसूत्र मुलांत असते, मुलींत नसते. नळीवर मुलीचे नाव असेल, तर वायवर चुकून बसलेले थोडेसेच तुकडे सापडायला हवेत. नाव आणि रक्त जुळते का, एवढेच मी बघायचो. सगळे हसायचे.

एकदा दोन भावंडांचे नमुने आले. सहा वर्षांच्या बहिणीचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत होते. भाऊ धडधाकट होता. नव्या यंत्राने सांगितले, एका जनुकातला बिघाड भावात आहे, बहिणीत नाही.

“भाऊ ठणठणीत आहे, म्हणजे तो बिघाड निरुपद्रवी,” तिचे डॉक्टर फोनवर म्हणाले. “त्या बिघाडावरचं औषध तिला देण्यात अर्थ नाही. अहवाल आजच पाठवा, औषध कुणाकुणाला द्यायचं, ती यादी उद्या ठरतेय.”

“वाय मोजल्याशिवाय नाही पाठवणार,” ताई म्हणाल्या.

“अहो ताई, तो डबा अख्खा दिवस घेईल!”

“घेऊ दे.”

डबा म्हणजे मी. मला राग आला आणि त्या रागातच मी कामाला लागलो. अकरा वाजता माझा पंखा बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना! मी तापून थांबलो, झालेले सगळे काम वाया गेले. ताईंनी माझे झाकण काढले, समोर टेबलपंखा ठेवला आणि म्हणाल्या, “चल रे बाबा, पुन्हा पहिल्यापासून.” मी ठरवले, आता जळालो तरी थांबायचे नाही.

संध्याकाळी सहाला आकडा आला. बहिणीच्या नळीत वायचे तुकडे लाखांनी होते, भावाच्या नळीत नावापुरते. नळ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती! चिठ्ठ्या लावणाऱ्या तंत्रज्ञबाईंचा चेहरा उतरला.

“आडनाव एकच, नावाचं पहिलं अक्षरही एकच. माझ्याच हातून झालं हो.”

“हात आहेत, चुकतात. म्हणून तर मोजायचं,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. यादी दोन दिवस थांबली. दोघांचे रक्त पुन्हा घेतले. बिघाड बहिणीतच निघाला आणि तिचे औषध सुरू झाले. ती पूर्ण बरी होईल का, मला माहीत नाही. पण तिची संधी हुकली नाही, याचा मला फार आनंद आहे.

मित्रांनो, आता मला भंगारात काढायचे ठरले आहे. खुशाल काढा, मी रडणार नाही. पण माझी मोजणी नव्या यंत्रात अजून कुणी बसवलेली नाही. ती बसवा, दोनदा तपासा आणि मगच माझी वायर काढा. तोवर मी इथून हलणार नाही. उद्या पुन्हा दोन नळ्या येतील, आणि त्यातली एक कुणाच्या तरी लेकीची असेल.