चादरी

"ताई, आज हसायचं की रडायचं?"

वेणी घालताना ताईंचा हात थांबला. पोरगी अगदी साधेपणानं विचारत होती. गेल्या वर्षी देणगीदार शेठ म्हणाले होते, "मुलं तर चांगली गुटगुटीत आहेत. मग आमची गरज काय?" तेव्हापासून शेठ येणार असले की ताई मुलांना जुने कपडे घालायच्या आणि एक करुण गाणं म्हणायला लावायच्या. बालगृहाचा निम्मा खर्च शेठांच्या देणगीवर चालायचा.

ताईंनी भराभरा वेणी संपवली. "काही नाही करायचं. सगळ्यांना घेऊन खेळायला जा, पळ."

मग त्या खुर्च्या मांडत सुटल्या. मांडल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा मांडल्या.

शेठ आले. रिकामं अंगण बघून म्हणाले, "आज गाणं नाही?"

"मुलं खेळतायत."

"अस्सं." त्यांनी चहा अर्धा ठेवला. "बघू पुढं."

गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत ताईंनी धाकट्या दिराला फोन लावला. त्याची लाँड्री बंद पडली होती. इस्पितळाच्या चादरी धुवायचं काम घेऊ, असं तो कधीचा मागं लागला होता.

"मशिनं आणा भावजी."

"वहिनी, नक्की ना? मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, पोरांच्या घरात धंदा नको."

"पोरं एका चादरीला हात लावणार नाहीत. त्यांनी शाळेत जायचं. कामाला आपल्याच दोन मोठ्या मुली ठेवू, रीतसर पगारावर."

"त्या येतील?"

"मी विचारते. तुम्ही आधी मशिनं आणा हो!"

इथेच वाढून बाहेर पडलेल्या त्या दोघी आल्या. खेळायची खोली मशिनांनी गिळली. पहिलाच गठ्ठा डाग राहिले म्हणून परत आला. त्यात शेठांनी देणगी बंद केल्याचं कळवलं. मुलांचं दूध निम्म्यावर आलं. ताईंना एका जागी बसवेना. जेवतानाही त्या उठून मशिनांपाशी जायच्या, कान लावून उभ्या राहायच्या.

"तेलही गेलं, तूपही गेलं," त्या दिराला म्हणाल्या. "मी पोरांच्या तोंडचा घास काढला."

"वहिनी, रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का होतो. आधी गार पाण्यात भिजवायला हवं होतं. चूक माझी. आता रडत बसू नका, बादल्या भरा."

ताईंनी पदर खोचला.

दुसरा गठ्ठा गेला, तो परत आला नाही. मग दुसऱ्या इस्पितळाचं काम आलं. वर्ष सरताना दूध पूर्ववत झालं. खेळायची खोली मात्र मिळाली नाही ती नाहीच. पाऊस असला की मुलं जिन्यात बसून खेळायची, आणि त्यांना ओलांडून वर जाताना ताईंना दर वेळी ते टोचायचं.

एका दुपारी इस्पितळातून फोन आला. माणूस नवा होता.

"लाँड्री ना? काय हो, कडांना इस्त्रीच नाही नीट! पुन्हा असं झालं तर बिल कापीन. सांगून ठेवतोय."

"बरोबर आहे साहेब. पुन्हा नाही होणार."

"आणि गाडी वेळेवर पाठवा."

त्यानं फोन आपटला. मुलं किती, कशी, कुठली, काहीसुद्धा विचारलं नाही.

ताई इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या, वरची चादर उलगडली आणि तिची कड तळव्यानं सरळ करू लागल्या.