थोरलीने निवडलेली गोष्ट

गोष्ट थोरलीनेच निवडली होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा सात-आठ जणं जमायची, चहा-बिस्किटं व्हायची आणि एखाद्या कथेचा कीस पाडला जायचा. नियम एकच, पण कडक. ज्याने कथा निवडली, त्याने बाकी सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम ग्रंथपाल बाईंनी खास थोरलीसाठीच काढलाय, असं दातांचे डॉक्टर चिडवायचे. थोरलीची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही, हे तिच्या शिवणाच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा सांगतील.

पण या वेळी गप्प बसायला ती एका पायावर तयार होती. धाकटी येणार होती ना! कित्येक वर्षं बहिणी-बहिणींत 'बरी आहेस ना', 'बरी आहे' यापलीकडे शब्द नव्हता. आई गेली तेव्हाही धाकटी पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी गेली. एकेकाळी दोघी एकाच मैदानावर पळायच्या. लांब पल्ल्याच्या निवडीच्या शर्यतीत धाकटी पडली, थोरलीने मागे वळून तिला उचललं, आणि तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. एवढं केलं पोरीसाठी, आणि वर हिचाच अबोला! पण आता थोरलीला भांडायचं नव्हतं. तिला बहीण परत हवी होती. आपल्याला नीट बोलता येत नाही, तर ही कथाच आपल्या वतीने बोलेल, असा तिचा बेत होता.

कथा दोन भावांची होती. धाकटा पडतो, सगळ्यांच्या पुढे असलेला थोरला मागे फिरतो, त्याला आधार देतो आणि दोघं मिळून शेवटची रेषा ओलांडतात. वाचताना बाईंचे डोळे भरून आले. "रक्ताचं नातं ते रक्ताचंच," डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी हळूच धाकटीकडे पाहिलं. हे आमच्याच घरात घडलंय, मीसुद्धा अशीच पुढे होते, असं थोरलीने गेल्याच महिन्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"तुम्ही बोला की," बाई धाकटीला म्हणाल्या.

"मला नाही पटली," धाकटी म्हणाली. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची; आवाज तसाच, न दुखवणारा. "त्या धाकट्याला कुणी काही विचारलंच नाही."

"अहो, पण तो पडला होता!"

"पडलेला माणूस उठतो. मी गुडघ्यावर आले होते, एक हात जमिनीला टेकला होता. मी उठत होते. तेवढ्यात हिने काखेत हात घातला आणि मला ओढत पुढे नेलं. आमच्या वेळी असं कुणी ओढून नेलं की दोघीही बाद. पंचांनी दोघींना तिथेच बाहेर काढलं."

थोरली खुर्चीतून अर्धी उठली, पण बाईंनी नुसती मान हलवली. नियम म्हणजे नियम.

"पण तुमच्या ताईंनीही जिंकत आलेली शर्यत सोडलीच ना?" डॉक्टरांनी आपलं भाबडेपणाने विचारलं.

"जिंकत आलेली?" धाकटी पहिल्यांदाच थोरलीकडे वळली. "ताई माझ्या पुढे होती ते खरं. पण मैदानाच्या फेऱ्यांत ती माझ्यापेक्षा एक अख्खी फेरी मागे पडली होती, म्हणून पुढे दिसत होती. मी तिला मागे टाकायलाच निघाले होते."

थोरलीला ओरडावंसं वाटलं, की मी खोटं बोलले नाही गं, पुढेच होते की मी! इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि सांगता सांगता ती मागे पडलेली फेरी तिच्या स्वतःच्याच डोक्यातून पुसली गेली होती. आता ती आठवली. मेलं सगळंच आठवलं. हाताला लागलेली धाकटीची घामेजलेली काख आणि तिचं 'सोड, सोड' हेसुद्धा.

"आता तुमची पाळी," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला फार लागलं," दिवसभर बडबडणाऱ्या थोरलीच्या तोंडून एवढंच निघालं.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

थोरली तिच्या मागोमाग जिना उतरून फाटकापर्यंत गेली. "चुकलं गं माझं. माफ कर ना."

"अगं, केव्हाच केलं."

"मग येत जा ना घरी! रविवारी ये. मी काही बोलणार नाही, नुसती बस."

धाकटीने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला. "ताई, राग होता ना, तोवर तुझी रोज आठवण तरी यायची. आता तीही येत नाही गं."

ती हे टोचून बोलली असती, तर थोरलीने भांडून तरी घेतलं असतं. पण ती मायेनेच बोलली, थोरलीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.